पुढे काय झालं, ते सांगा

रविवार, रात्र

दुपार गाड्यांच्या ऑनलाइन कट्ट्यांवरचे जुने धागे, म्हणजे एकेका प्रश्नावरच्या चर्चा, वाचण्यात गेली. शोध होता पी०१७१ या कोडचा. इंजिनचा दिवा लागला की गाडीचा संगणक असा कोड देतो. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढंच हा कोड सांगतो. का कमी पडतंय, ते तुमचं तुम्ही शोधा. इनटेकची रबरी नळी फाटलेली असेल, हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलेला असेल, फ्युएल फिल्टर तुंबला असेल किंवा पंप थकला असेल.

सापडलेला धागा नमुनेदार होता. विचारणारा घाबरलेला. पहिले दोघे नेहमीप्रमाणे उत्साही: ऑक्सिजन सेन्सर बदलून टाक! त्यावर दोन पानं वाद. मग एकाने शांतपणे विचारलं, फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते, आकडे किती आहेत? आयडलिंगचे दे आणि २५०० आरपीएमचेही. आयडलिंगला आकडा अधिक वीस टक्क्यांच्या आसपास आणि रेस दिल्यावर तो शून्याकडे उतरत असेल, तर न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरतेय. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं, त्यामुळे चोरट्या हवेचा वाटा तेव्हा मोठा पडतो. याउलट इंजिनावर भार आल्यावर आकडा चढत गेला, तर संशय पंपावर नाहीतर फिल्टरवर. एका परिच्छेदात अख्खा धडा, तोही फुकट!

आणि नंतर मूळ विचारणारा परत आला होता. नळीच्या वळणाला, खालच्या अंगाला चीर होती, वरून दिसत नव्हती. नळी बदलली, दिवा गेला, सगळ्यांचे आभार. मला विचाराल तर अख्ख्या धाग्यातला हा सर्वांत मोलाचा प्रतिसाद. तज्ज्ञाचं म्हणणं बरोबर ठरलं आणि सेन्सरवाल्यांचं चुकलं, याची नोंद चारचौघांत झाली. पुढच्या माणसाचे पैसे वाचले.

सोबत चिरेचा फोटोही होता म्हणे. आता त्या जागी राखाडी चौकोन. हे दुःख सगळीकडेच आहे. फोटो फुकट साठवून देणाऱ्या एका मोठ्या सेवेने २०१७ साली अचानक नियम बदलला: फोटो दुसऱ्या साइटवर दिसायला हवे असतील तर वर्षाचे भरभक्कम पैसे मोजा. हौशी माणसांनी ग्रीसने माखलेल्या हातांनी काढलेले फोटो एका फटक्यात अदृश्य झाले. ‘चित्रात दाखवलेला बोल्ट आधी काढा’ हे वाक्य तेवढं उरलं.

या गप्पा तशा जुन्या. युजनेट या वेबच्या आधीच्या चर्चाजाळ्यावर गाड्यांचा गट ऐंशीच्या दशकातच होता. १९८७ च्या सुमारास तिथल्या गटांची नावं बदलली, तेव्हा तो ‘रेक डॉट ऑटोज’ झाला. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२, म्हणजे गाडीतले बिघाड कोडने सांगण्याची सामाईक पद्धत, सक्तीचं झालं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या बऱ्याच अंशी एकाच भाषेत तक्रार करू लागल्या. २००० च्या आसपास पीएचपीबीबी, व्हीबुलेटिन असली कट्टे चालवायची सॉफ्टवेअरं आली आणि जवळपास प्रत्येक मॉडेलचा वेगळा कट्टा उभा राहिला. नंतर फेसबुकचे गट, व्हॉट्सअ‍ॅप, डिस्कॉर्ड. आता उत्तर दोन मिनिटांत येतं आणि संध्याकाळपर्यंत ‘शुभ सकाळ’च्या ढिगाखाली गाडलं जातं. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा. विचारणाऱ्याला तरी काय बोलणार, शोधायचं कुठे?

व्हिडिओंबद्दल तर न बोललेलं बरं. चाकाचे नट किती न्यूटन-मीटरला आवळायचे, एवढाच आकडा हवा असतो. त्यासाठी आधी त्या माणसाचं गॅरेज पाहा, त्याचा कुत्रा पाहा.

पण जुन्या दिवसांचे गोडवे गायलाही मन धजावत नाही. तिथल्या ज्येष्ठांचा माज मी पाहिलेला आहे. नवख्याने काही विचारलं की ‘आधी शोध घे’ म्हणून अंगावर यायचे. बाईने क्लचबद्दल विचारलं तर गाडी नवऱ्याची का, हा पहिला प्रतिसाद! माणसं गेली ती काही नुसत्या फेसबुकच्या ओढीने गेली नाहीत.

हल्ली लोक यंत्रालाच, म्हणजे एआयला, विचारतात. यंत्र कारणांची छान यादी देतं, शिव्या देत नाही, नवऱ्याची चौकशी करत नाही. ही हुशारी काही प्रमाणात त्या जुन्या धाग्यांतूनच आलेली आहे. पण नळी बदलून दिवा गेला की नाही, हे चारचौघांत सांगायला कुणी येत नाही. नव्या गाड्यांचे रोगही नवे. इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी ठणठणीत आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली म्हणून गाडी जागची हलत नाही. काही गाड्यांचं सॉफ्टवेअर हवेतून अपडेट होतं आणि गेल्या महिन्याचं बरोबर उत्तर या महिन्यात चुकीचं ठरतं. अशा वेळी तारीख घातलेला, शोधता येणारा धागा पूर्वीपेक्षा जास्त लागणार, आणि नेमके असे धागे असलेले कट्टेच ओस पडलेत. काही तर वाचनमात्र करून ठेवलेत.

आमच्या गटात मी एक खोड लावून घेतली आहे. ज्याला सल्ला दिला त्याला आठवड्याने विचारायचं, पुढे काय झालं? काहीजण वैतागतात. वैतागोत. परवा एकाला वेगात चाकातून घरघर ऐकू येत होती. त्याला म्हटलं होतं, मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच डावीकडे वळवून बघ. आवाज वाढला तर भार उजव्या चाकावर जातोय, म्हणजे बहुधा तिकडचं बेअरिंग. त्यावर अंगठा आला, उत्तर नाही. उद्या विचारतो.