बॅटरी ठणठणीत, अर्थिंग गेलेलं: देवगडच्या जुन्या जीपचा माझा अनुभव

आमची जीप 1994 सालची, डिझेल. आंब्याच्या हंगामात बागेतून पेट्या आणायला अजूनही तीच लागते. यंदा ऐन एप्रिलात सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, रडायला लागला. शिवाय रात्री ब्रेक दाबला की मागचे दोन्ही इंडिकेटर मंद पेटायचे. गॅरेजमध्ये सांगितलं, बॅटरी बदला, नाही जमलं तर सेल्फ उघडू. मला ते पटेना. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटतो, त्यात बॅटरीचा काय संबंध? ब्रेकच्या बल्बाला नीट अर्थ, म्हणजे गाडीच्या लोखंडातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट, मिळाला नाही की करंट शेजारच्या बल्बातून उलटी वाट काढतो, त्याचंच हे लक्षण.

शेजारचे आबा आयुष्यभर बंदरावर ट्रॉलरची इंजिनं बघत आले. ते म्हणाले, "आदी अर्थ बघ. बॅटरीचा मगे."

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावला. गाडी बंद असताना बॅटरी 12.6, म्हणजे पूर्ण चार्ज. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. आबांना आत बसवलं आणि इंजिन बंद करायची स्टॉपची केबल ओढून धरायला सांगितली, म्हणजे इंजिन न पेटता सेल्फ नुसता फिरेल. "आबानू, मारा सेल्फ." सेल्फ रडत होता, तरी बॅटरीच्या टर्मिनलवर 11.3. बॅटरी खलास असती तर हा आकडा दहाच्या खाली कोसळला असता.

मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशावर आणि लाल इंजिनच्या ब्लॉकवर. परत सेल्फ. मीटरवर 2.1! तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. लाल पिन चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, नेली तर जेमतेम 0.1. म्हणजे दोष चासी आणि इंजिन यांच्या मधे.

हे सेल्फ फिरत असतानाच मोजावं लागतं. सेल्फ 200 अँपिअर ओढत असेल तर सांध्यात एका ओहमच्या शंभराव्या हिश्श्याएवढा अडथळाही 2 व्होल्ट खाऊन टाकतो. साध्या मीटरवर ओहम मोजायला गेलं तर एवढा अडथळा कळतच नाही, सगळं ठीकच दिसतं.

बोनेटखाली हात घातला तर स्टॉपच्या केबलचं आवरण चक्क गरम! सेल्फचा करंट बिचाऱ्या त्या बारीक केबलमधून परत जात होता.

इंजिन ते चासी जाणारी विणलेली तांब्याची पट्टी सोडवली. वरून काळपट, वाकवली तशी आतून हिरवा कळंक भुग्यासारखा गळायला लागला. धड उरलेल्या तारा मोजक्याच. खाऱ्या वाऱ्यात आणि आमच्या पावसात तांबं असंच जातं, आणि वरून काही दिसत नाही.

जाड तांब्याची केबल घेतली, दोन्ही टोकांना लग (बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोकं) दाबून घेतले. चासीवरचा रंग नि गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासला. बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस फासलं. आता सेल्फ मारताना ब्लॉकवर 0.2, आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू.

मागच्या दिव्यांचं अर्थिंग एका गंजलेल्या स्क्रूवर लोंबकळत होतं. वायर सोलली तर आत वीतभर काळी. तेवढी कापून दोन्ही दिव्यांना वेगळी अर्थ वायर थेट चासीला दिली. ब्रेक दाबून बघितला, इंडिकेटर पेटले नाहीत.

हेडलाइट लावून त्यांच्या अर्थिंगवर मीटर धरला तर तिथेही 0.8 येतोय. पाऊस लागायच्या आत तेही उघडणार आहे. लग आणि वायर कणकवलीहून आणून ठेवलीय.