मुंबई–न्यूयॉर्क: अंतर तेच, तास वेगळे

मुंबईपासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंतचं हवाई अंतर सुमारे 12,540 किलोमीटर. ताशी 900 च्या वेगाने चौदा तास होतात, पण जाताना तेवढ्यात कोणी पोचत नाही. त्या उंचीवर जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. त्यामुळे थेट विमानाला जायला सुमारे सोळा तास लागतात आणि यायला साडेचौदाच्या आसपास. हिवाळ्यात वारे वाढले की फरकही वाढतो. त्यात एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि वळसा आला. तेव्हा दुसऱ्यांच्या अनुभवावर न जाता आपल्या तारखेच्या तिकिटावरची वेळ बघा.

थांबा घेऊन जाणाऱ्यांना वाटतं, लांबून जावं लागेल. तसं नाही. लंडनमार्गे अंतर जेमतेम 200 किलोमीटरने वाढतं, दुबईमार्गे 400 ने. वेळ जातो तो मधल्या विमानतळावर. दीड तासाचा थांबा स्वस्त दिसला तरी घेऊ नका: पहिलं विमान तासभर उशिरा आलं की पुन्हा सुरक्षा तपासणी आणि गेटपर्यंतची चाल यांत दुसरं सुटतं. तीन तास हवेत. आणि दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत, नाहीतर चुकलेल्या विमानाचा खर्च तुमच्याच खिशातून.

अबू धाबीमार्गे जाण्यात एक मोठी सोय आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच उरकतं, मग न्यूयॉर्कला उतरून बॅग घेतली की थेट बाहेर. मात्र तिथली रांग लांब असू शकते, शिवाय तुमची बॅग यंत्रणेत दिसेपर्यंत पुढे सोडत नाहीत. वयस्कर आई-बाबा एकटे जात असतील तर आम्ही हाच मार्ग सुचवू. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा.

घोटाळा होतो तो तारखेचा. मुंबईहून बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 15 तारीख, रात्री 2 वाजता असेल, तर विमानतळावर पोचायचं 14 च्या रात्री, साडेदहा-अकराला. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे जुलैत रात्री 2 ला निघालेलं सोळा तासांचं विमान त्याच तारखेला सकाळी साडेआठला उतरतं. येताना उलट: तिथून दुपारी 12 ला निघालात तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी 12 च्या सुमारास. घ्यायला येणाऱ्यांना वेळेबरोबर तारीखही कळवा.

मेतकूट, भाजणी, मसाले केबिन बॅगेत ठेवू नका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात 350 मिलिलीटरहून जास्त पूड असली की वेगळी तपासणी होते, काढूनही घेतात. पूड चेक-इन बॅगेत, पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत.