वार बघून ओमान

मंगळवार, सूर

ओमानला जायचं ठरलं तेव्हा माझी एकच अट होती: सहल नकाशा बघून नाही, वार बघून आखायची. बुधवारी इब्रा, गुरुवारी सिनाव, बाकी मधे जे बसेल ते. साक्री तालुक्यात वाढलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. बाजाराचा वार सोडून गावात गेलं तर चार बंद टपऱ्या आणि एक झोपलेलं कुत्रं, एवढंच दिसतं. मस्कतला नोकरी करणारा भाचा मात्र गाडी काढताना म्हणालाच, "मामी, सिनावला आहे काय? बकऱ्या!" म्हटलं, त्याच बघायच्यात.

वादी शाब या प्रसिद्ध दरीपाशी गाड्या लावायलाही जागा नव्हती. न थांबता पुढे निघालो आणि सूरच्या अलीकडे कल्हातला उतरलो. इथे कधीकाळी मोठं बंदर होतं, होर्मुझच्या राज्याचं. अकराव्या ते पंधराव्या शतकापर्यंत ते भरभराटीत होतं. इथून अरबी घोडे जहाजांनी आपल्याकडे यायचे. 1508 मध्ये अल्बुकर्कच्या पोर्तुगीज आरमाराने ते जाळलं आणि नंतर ते काही पुन्हा उभं राहिलं नाही. आज डोंगर आणि समुद्र यांच्या मधे दगडांचे ढीग आहेत, आणि एकच वास्तू उभी आहे: बीबी मरियमची चौकोनी कबर. घुमट अर्धामुर्धा ढासळलेला. 2018 मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा यादीत गेलं, तरी आज तिथे आम्ही तिघंच होतो. जवळून काही बघता आलं नाही, कुंपणाबाहेरूनच पाहिलं. ह्यांचं मत पडलं, "एवढ्यासाठी आलो?"

ह्यांना मग इब्न बतूता या मोरोक्कोच्या जुन्या प्रवाशाची गोष्ट सांगितली. तो चौदाव्या शतकात इथे आला होता. त्याने कल्हातच्या माशांची अशी तारीफ केली आहे की असा मासा मी दुसऱ्या कुठल्याच मुलखात खाल्ला नाही. झाडाच्या पानांवर भाजलेला मासा, खाली भात, आणि तो तांदूळ हिंदुस्थानातून आलेला. हे ऐकल्यावर ह्यांचा कल्हातबद्दलचा आदर एकदम वाढला. रात्री सूरला भाजलेली सुरमई आणि भात मागवला. तांदूळ बासमती होता, म्हणजे अजून आपल्याकडूनच येत असावा.

बुधवार, इब्रा

इब्राला बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषांना आत मज्जाव. ह्यांना आणि भाच्याला समोरच्या हॉटेलात कडक चहावर बसवून मी एकटी आत गेले. बरेच दिवसांनी कुणी "चल, आटप" म्हणणारं बरोबर नव्हतं.

कापडं, सुरमा, लोबान, धूप, मेंदी, बाटल्यांमधली अत्तरं. सगळ्यात जास्त गर्दी सलवारीच्या मोहऱ्यांवर होती. इथल्या बायका पायघोळ झग्याखाली सलवार घालतात आणि तिच्या घोट्याजवळच्या चार-सहा बोटांच्या पट्टीवर सगळी हौस ओततात: लाल, सोनेरी, हिरव्या धाग्यांचं इतकं घट्ट भरतकाम की पट्टी पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहते. नुसत्या पट्ट्याही सुट्या विकत मिळतात, आपल्याकडे साडीचे काठ मिळतात तशा. सलवार फाटली की पट्टी उसवायची आणि नव्या सलवारीला लावायची. एका म्हातारीने माझ्या साडीचा काठ चिमटीत धरला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि मान डोलावली. मीही तिच्या पट्टीची मागची बाजू पाहिली. गाठ एकही दिसली नाही. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण भावात घासाघीस व्यवस्थित झाली.

एका कोपऱ्यात पोत्यांमध्ये खारीक होती. आपलीच, डिंकाच्या लाडवातली, बाळंतिणीची. विकणारी बाई बलुची होती, तिला हिंदी यायचं. तिने सांगितलं की मब्सली जातीचा खजूर झाडावर पिवळा असतानाच उतरवतात, तांब्याच्या मोठमोठ्या काहिलींत उकळतात आणि उन्हात पसरून वाळवतात. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा नुसतं सावलीत बसणंही नको होतं, तेव्हा चुलाणं पेटवून हे काम चालतं. इब्रा-बिदिया या पट्ट्यातला हा जुना धंदा, आणि माल मुख्यतः भारतात जातो. "तुम्हारे लिए ही तो पकाते हैं," ती म्हणाली. स्वतः ते लोक खातात तो मऊ खजूर, खलास वगैरे. इतकी वर्षं मी खारीक कुटत आले, पण ती कुणीतरी उकळलेली असते हे ध्यानीमनीही नव्हतं. मला वाटायचं, खजूर वाळला की झाली खारीक.

तिने काहवा, म्हणजे अरबी कॉफी, पुढे केला. वेलदोड्याचा, बिनसाखरेचा, कानाशिवायच्या इवल्याशा कपात. कप रिकामा झाला की ती भरतच राहिली. शेवटी शेजारणीने दाखवलं, पुरे म्हणायचं असेल तर कप हातात हलवायचा. तोवर माझे बरेच कप झाले होते आणि आता रात्रीचे साडेअकरा वाजले तरी झोपेचा पत्ता नाही, म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहून होतंय.

गुरुवार, सिनाव

पहाटे निघालो. सिनाव म्हणजे वाळवंटाच्या कडेला बसलेलं बाजाराचं गाव. वाळूतले बदू, म्हणजे भटके अरब पशुपालक, इथे जनावरं विकायला येतात आणि आठवड्याचं सामान भरून परत जातात. मधे छपराखाली गोल ओटा, भोवती गिऱ्हाईक बसलेलं, आणि विकणारा बकरीला दोरीला धरून गोल गोल फिरवत किंमत ओरडतो. कुणी हात केला की थांबायचं. बसलेला माणूस बकरीचे दात बघतो, कंबर दाबतो, शेपटी उचलतो, नाक मुरडतो, पुढे जा म्हणतो. ह्यांना हे सगळं तोंडपाठ. पाच मिनिटांत हे त्या कोंडाळ्यात जाऊन बसले आणि कोणती बकरी घ्यावी, कोणती घेऊ नये याबद्दल एका अनोळखी दाढीवाल्याशी खुणांनी बोलायला लागले.

बायकाही विकत होत्या. तोंडावर ताठ कापडी मुखवटा, त्याला नाकावर उभी कड. व्यवहारात कुणाला ऐकणाऱ्या नव्हत्या. एकीने आपली बकरी भाव न पटल्यामुळे सरळ परत नेली, आणि जाता जाता गिऱ्हाइकाला जे काय सुनावलं त्याचा अर्थ भाच्याने सांगायला नकार दिला.

उंटांचा भाग जरा बाजूला. उंट विकला की पिकअपमध्ये चढवायचा कसा, हा मोठा प्रश्न. पोटाखालून जाड पट्टे घालून छोट्या क्रेनने उचलतात. उंट हवेत लोंबकळत असताना जो आवाज काढतो तो ऐकून माझा जीव गोळा झाला. खाली ठेवल्यावर गुडघे दुमडून बसवतात, पाय बांधतात, आणि तो तोंड वर करून मालकिणीसारखा चारी दिशांना बघायला लागतो.

चांदीवाल्याच्या दुकानात एक जुना हार पाहिला. त्यात मारिया तेरेसाची ऑस्ट्रियन नाणी आणि त्यांच्या शेजारी पंचम जॉर्जचा आपला रुपया. आश्चर्य नाही, 1970 पर्यंत इथे रुपयाही चालायचा. रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखाती देशांसाठी म्हणून वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. हार परवडण्यातला नव्हता. दुकानदाराने त्याबद्दल अजिबात वाईट वाटून घेतलं नाही.

शुक्रवार, बिरकत अल मौझ

शुक्रवारी सकाळी निझवाचा बकरीबाजार प्रसिद्ध आहे. आम्ही मुद्दाम टाळला. सिनाव पाहिल्यावर, जिथे बकऱ्यांपेक्षा कॅमेरे जास्त तिथे जायची हौस राहिली नाही.

त्याऐवजी बिरकत अल मौझला अख्खा दिवस घालवला. मागे डोंगराच्या अंगावर सोडून दिलेली मातीची जुनी वस्ती, पुढे केळी आणि खजुरीच्या बागा, आणि त्यांच्या मधून वाहणारा फलज अल खतमैन. फलज म्हणजे पाट, पण साधा नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून भूगर्भातलं पाणी गाठायचं आणि तिथून थोडा उतार ठेवत जमिनीखालून बोगदा गावापर्यंत आणायचा. पंप नाही, मोट नाही, पाणी आपलं आपण येतं. देशात असे सुमारे 3000 फलज अजून चालू आहेत, त्यातल्या पाचांना 2006 मध्ये जागतिक वारशात घेतलं. हा त्यातला एक. जुन्या वाड्यापाशी त्याचे सारखे तीन भाग होतात. मी तिथे बराच वेळ बसून राहिले. तिन्ही पाटांत पाणी तेवढंच, चढउतार नाही, आवाजसुद्धा सारखा.

माझ्या माहेरी पांझरेवर फड आहेत. नदीवर बंधारा, पाट, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचं नाही, पाटकरी देणार. म्हणजे कुणी रात्री चोरून पाटाची दारं मोडायची भानगडच नको. त्यामुळे इथली पद्धत समजून घ्यायची मला भारी उत्सुकता होती, आणि बागेत काम करणाऱ्या एका वयस्क ओमानी गृहस्थांनी भाच्यामार्फत ती सांगितली. पाणी घमेल्याने नाही, वेळेने मोजायचं. अर्ध्या तासाचा एक अथर. दिवसा रोवलेल्या काठीच्या सावलीवर आणि रात्री तारा उगवण्या-मावळण्यावर पाळी ठरायची. आता बहुतेक ठिकाणी घड्याळ. वर पिण्याचं पाणी, मग मशीद, मग आंघोळीच्या आडोशाच्या जागा, मग खजुरी, आणि सगळ्यात शेवटी हंगामी पिकं. पाणी आटलं की शेवटचे वावर कोरडे ठेवायचे, खजुरीला हात लावायचा नाही. एवढं सगळं आमच्याकडच्या माणसालाही पटेल.

पटायला जड गेलं ते वेगळंच. इथे पाणी जमिनीला बांधलेलं नाही. अथर विकत घेता येतो, भाड्याने देता येतो, वारसांत वाटला जातो. कुणाकडे बाग नसेल पण पाणी असेल. मशिदीच्या नावाचंही पाणी असतं. काही पाळ्यांचा लिलाव करून त्या पैशातून बोगद्याची साफसफाई होते. मला हे ऐकून आधी धस्सच झालं. आपल्याकडे पाणी असं सुटं विकायला निघालं तर कोण कुणाला गिळेल सांगता येत नाही. त्या गृहस्थांना मी तसं विचारलं. त्यांचं म्हणणं, लिलाव गावातच होतो, सगळ्यांसमोर होतो, आणि फलज बुजला तर घेणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं दोघांचंही पाणी जातं. मला पूर्ण पटलं असं नाही. आमचे हेसुद्धा म्हणाले, "आपल्या फडात बरं, पाटकऱ्याशी भांडायची सोय तरी आहे." पण आमच्याकडचे कितीतरी फड आज नुसते कागदावर उरलेत आणि हा पाट माझ्यासमोर वाहत होता, त्यामुळे वाद मी फार ताणला नाही.

शनिवार, मिसफात आणि अल ऐन

मिसफात अल अब्रियीनला सकाळी लवकर पोचलो, ते बरं झालं. 2021 मध्ये जागतिक पर्यटन संघटनेच्या उत्तम गावांच्या यादीत याचं नाव आलं, तेव्हापासून याला अनवट म्हणण्यात अर्थ नाही. नऊनंतर बोळांत माणूस माणसाला घासतो. पण पायऱ्यापायऱ्यांच्या बागांत खाली उतरत गेलं की गर्दी वरच राहते. तिथे एक तरुण दारं धरत होता. पाटाच्या बाजूला भोक, भोकात फडक्यात गुंडाळलेला दगड. दगड काढला की पाणी डाळिंबाच्या वाफ्यात, परत खुपसला की पाणी पुढे. कडेने झिरपायला लागलं की तो टाचेने फडकं दाबायचा, खाली बघायचाही नाही. मनगटावर मोठं घड्याळ होतं, आणि वेळ झाल्यावर त्याने बागेतून कुणाला तरी हाक मारली, तर खालून "हो" आल्यासारखं काहीतरी आलं. पाळी बदलली.

दुपारनंतर अल ऐन. जेबेल मिश्तच्या समोर एका उघड्या टेकाडाच्या धारेवर दगडी थडग्यांची रांग आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गोल. एकवीस आहेत. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातली, म्हणजे आपल्या हडप्पाच्या काळाच्या आसपासची. चुना नाही, माती नाही, नुसते सपाट तासलेले दगड एकावर एक. तिकीट नाही, पहारेकरी नाही, चहाची टपरीही नाही. 1988 पासून जागतिक वारसा आहे, पण खालच्या वादीतून पायवाट आपली आपणच शोधायची.

वर पोचलो तर एक जोडपं थडग्याच्या माथ्यावर उभं राहून सेल्फी काढत होतं. पायाखालचा एक दगड हललेला आम्हाला खालूनही दिसला. भाचा एरवी कुणाशी चढ्या आवाजात बोलणारा मुलगा नाही, पण त्याने आधी अरबीत आणि मग इंग्रजीत त्यांना खडसावलं. उतरले बिचारे, सॉरी म्हणाले. आणि मग त्याच्याच हातात फोन दिला, खाली उभे राहतो, आता आमचा एक नीट काढा. त्याने तीन काढून दिले, त्यातला एक आडवा.