तुम्ही विचारलंत म्हणून: विमान नेमकं कोणाचं?

मुंबई विमानतळाच्या सहारच्या कार्गो कॉम्प्लेक्समध्ये फॉरवर्डिंगचं, म्हणजे लोकांचा माल विमानाने पाठवून देण्याचं, काम करतो म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेला: "फ्लाइट एका कंपनीची आणि तुम्ही म्हणता विमान दुसऱ्याचं. हे ओळखता कसं? आणि ओळखून करायचंय काय?"

ओळखायचं कसं, ते पटकन सांगतो. शेपटीजवळ लिहिलेलं रजिस्ट्रेशन वाचा. व्हीटी म्हणजे भारत, टीसी तुर्कस्तान, टीएफ आइसलँड, एन अमेरिका. दुबईच्या कंपनीची फ्लाइट असून अमिरातीच्या ए६ ऐवजी टीसी दिसलं, की विमान बहुधा भाड्याचं. मग त्या रजिस्ट्रेशनवरून ते उडवणारी कंपनी शोधायची. रंगावर आणि फ्लाइट नंबरवर जाऊ नका. वेट लीजमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांसकट विमान भाड्याने देण्याच्या करारात, विमान, कर्मचारी, देखभाल आणि विमा देणाऱ्याचा असतो, फ्लाइट नंबर मात्र भाड्याने घेणाऱ्याचा. एअर वेबिलचे, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक-पावतीचे, पहिले तीन आकडेही घेणाऱ्याचेच: एमिरेट्सचे १७६, तुर्किश एअरलाइन्सचे २३५. म्हणजे हातातला कागद उलटसुलट वाचूनही उडवणारा कोण ते कळेलच असं नाही.

आता "करायचंय काय", याबद्दल.

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान व्हायच्या आधीच फोन सुरू झाले: हाँगकाँगला एमिरेट्सचं विमान समुद्रात गेलं. ज्यांचा माल दुबईमार्गे जातो त्यांना घाम फुटला होता. फ्लाइट ईके ९७८८ खरी, पण विमान होतं टीसी-एसीएफ. पूर्वी प्रवासी नेणारं आणि नंतर मालवाहू केलेलं बोइंग ७४७, तुर्कस्तानच्या एसीटी एअरलाइन्सचं. कर्मचारीही त्यांचेच. उतरल्यावर ते धावपट्टी सोडून डावीकडे गेलं, गस्तीच्या गाडीवर आदळलं आणि गाडीसकट पाण्यात गेलं. विमानातले चौघे वाचले. गाडीतले दोघे गेले. विमानात माल नव्हता, हे कळताच माझे फोन थांबले. त्या दोघांबद्दल मला कोणीही विचारलं नाही. सणाच्या दिवशी ते मनाला फार लागलं, अजूनही लागतं.

त्या सकाळी मला किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक आठवत होतं. १६ जानेवारी २०१७, दाट धुकं, हाँगकाँगहून इस्तंबूलला निघालेली तुर्किशची मालवाहू फ्लाइट टीके ६४९१ तिथल्या मानस विमानतळाजवळच्या दाचा-सू वस्तीवर कोसळली. विमानातले चार आणि घरांमधले पस्तीस जण गेले, त्यांत कितीतरी मुलं. "तुर्किशचं विमान पडलं" असं जगभर झालं, आणि तुर्किशने कळवलं की विमान आणि वैमानिक आमचे नव्हेत. तेही एसीटीचंच होतं. दोन अपघात एका माळेत ओवून कोणावर ठपका ठेवणं माझं काम नाही. पण दोन्ही वेळा बातमीत पहिलं नाव आलं ते भाड्याने घेणाऱ्याचं, हे मी विसरू शकत नाही.

यावर माझ्यातलाच जुना फॉरवर्डर भांडतो. तो म्हणतो, १९९९च्या माँट्रियल कराराने करार करणारा आणि प्रत्यक्ष नेणारा, दोघांनाही बांधलंय. भारतात तो २००९पासून लागू आहे. माल खराब आला तर चौदा दिवसांत लेखी तक्रार दोघांपैकी कोणाकडेही करता येते. मग गिऱ्हाईकाला घाबरवतोस कशाला? मुद्दा बिनतोड आहे. पण हे संरक्षण ज्याच्या हातात वेबिल आहे त्याला. दाचा-सूमध्ये झोपलेल्यांकडे आणि गस्तीच्या गाडीतल्या दोघांकडे कुठलं वेबिल होतं?

विमानावर खऱ्या ऑपरेटरचं नाव मोठ्या अक्षरात सक्तीचं करा, असंही मी म्हणायचो. हाँगकाँगच्या विमानावर एअरएसीटीचाच, म्हणजे एसीटीचाच, रंग होता. तरीही सगळे एमिरेट्सच म्हणाले. वेबिलवर ऑपरेटरचं नाव छापावं, तर वेबिल निघतं तेव्हा कुठलं विमान येणार हे पुष्कळदा ठरलेलंच नसतं, आणि ठरलेलं आयत्या वेळी बदलतं. यावर माझ्याकडे तोडगा नाही.

बुकिंग करताना मी विचारतो, "ऑपरेट कोण करतंय?" पलीकडून बहुतेक वेळा येतं, "बघून सांगतो." सांगत नाहीत. मी पुन्हा फोन करतो.