टोमॅटो चिरता येईना म्हणून

गेल्या पावसाळ्यात आईचं मनगट मोडलं आणि भाजी चिरायचं काम माझ्याकडे आलं. आई सगळं विळीवर करते. मला पाटावर गुडघा दाबून बसणं जमत नाही, म्हणून ड्रॉवरमधली सुरी काढली. पहिल्याच टोमॅटोवर ती घसरली. जोर लावला तर साल जागच्या जागी आणि गर ओट्यावर! कांद्याने तर रडकुंडीलाच आणलं. बोथट पातं कांदा चिरत नाही, चेंगरतं. रस जास्त निघतो आणि डोळ्यांना धारा लागतात, हे नंतर कळलं.

मंडईच्या वाटेवर एक जण विजेच्या ग्राइंडरवर धार लावून देतो. त्याला सुरी दिली. ठिणग्यांचा फवारा उडाला, अर्ध्या मिनिटात सुरी परत. घरी आल्यावर टोमॅटो असा कापला गेला की आईनेही मान डोलावली. पण दहा-बारा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. नीट पाहिलं तर कडेवर निळसर झाक दिसली.

मामांची उभी हयात कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. त्यांनी सुरी खिडकीशी धरली आणि म्हणाले, "पाणी उतरलं रे हिचं." भरधाव कोरड्या चाकावर पात्याची कड क्षणात तापते. साध्या पोलादावर निळा रंग ३०० अंशांच्या आसपास चढतो, स्टेनलेसवर त्याहून जास्त तापमानाला. म्हणजे कडेला दिलेलं पाणी, तिचा कडकपणा, गेलं आणि ती मऊ पडली. "तेवढी कड घासून काढ. खाली चांगलं पोलाद आहे."

बोहरी आळीतून दगड आणला. एका बाजूने खरखरीत, ४०० नंबर. दुसरीकडून बारीक, १०००. बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवला, ओल्या फडक्यावर ठेवला म्हणजे सरकत नाही, आणि लागलो घासायला. पाऊण तास घासून सुरी होती त्याहून बोथट.

मामांना फोन केला. चूक दोन ठिकाणी होती. एक म्हणजे कोन. हात पुढे गेला की माझं मनगट नकळत वळायचं आणि कड गोल व्हायची. पातं चार सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण सव्वा सेंटिमीटर वर हवी आणि शेवटपर्यंत तेवढीच. यावर त्यांनी एक युक्ती सांगितली. कडेला काळ्या मार्करने रेघ ओढायची आणि चार-पाच हात मारून बघायचं. शाई अगदी धारेपर्यंत सगळी निघाली तर कोन बरोबर. फक्त वरच्या अंगाला निघाली तर पाठ खाली पडली आहे. मी तीन वेळा रेघ ओढली. तिसऱ्यांदा जमलं.

दुसरी चूक अशी की मी दहा हात इकडे, दहा तिकडे असं मोजत बसलो होतो. मोजायचं नाहीच. एक बाजू घासत राहायची, दुसऱ्या बाजूला अंगठ्याला बारीक खरखर लागेपर्यंत. धातूची ती दुमडलेली कड टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे आली, तरच दगड धारेपर्यंत पोचला असं समजायचं. मग बाजू बदलायची. नंतर बारीक दगडावर हलक्या हाताने आलटूनपालटून, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून, ओढायचं. ती खरखर गेली की झालं. दगडावर साचलेला काळा चिखल मी सारखा धुवून टाकत होतो. मामा ओरडले, "राहू दे, तोच काम करतो!"

त्या संध्याकाळी वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला. मग आणखी दोन. रद्दीचा ढीग झाल्यावर आईने हटकलं. सुरी धुताना बोटही कापलं, पण जखम इतकी साफ की दुखलंही उशिरा.

विळी मात्र राहिली. तिचं पातं वाकडं, पाटाला पक्कं बसवलेलं. तिथे दगड हातात घेऊन पात्यावर फिरवावा लागतो, ते धाडस होईना. मग एका सकाळी "धाऽऽर, सुरी-कात्री-विळीला धाऽऽर" ऐकू आलं. खाली गेलो तर सायकल स्टँडवर चढवून चाचा पॅडल मारत होते. मी आधीच बजावलं, "जळू देऊ नका हं."

"दादा, पायाचं चाक आहे. एवढं कुठे तापतंय?" म्हणत त्यांनी पातं चाकाला टेकवलं, उचललं, बोट लावून पाहिलं, परत टेकवलं. विळी देताना म्हणाले, "सुरी नाही?"

सुरी मी घरीच करतो, असं जरा ऐटीतच सांगितलं आणि वर जाऊन आणून दाखवली. त्यांनी धारेवरून अंगठा आडवा फिरवला, मुठीकडून टोकाकडे. टोकाशी थांबले.

"इथे गोल झालीय."

झाली होती.