पायाशी खणलेला खड्डा

संग्रहालयाच्या विस्ताराची सुनावणी दुपारी तीनला होती आणि त्याच सकाळी मी मागच्या भिंतीचा पाया तपासण्यासाठी तिच्यालगत खणलेल्या चाचणी-खड्ड्यात उतरले. तोवरचा सगळा वाद दिसण्यावरून होता. न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शन या कलासंग्रहालयाने 2014 साली मांडलेला विस्तार बाग वाचवण्याच्या आग्रहामुळे पुढच्याच वर्षी मागे घेतला, हा दाखला विरोधक देत. समर्थक पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाच्या 1989 सालच्या काचेच्या पिरॅमिडकडे बोट दाखवत. आराखड्यातले, वस्तूंच्या भांडारासाठीचे दोन मजली तळघर या भिंतीपासून जेमतेम तीन मीटरवर येणार होते, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नव्हते.

पायऱ्यापायऱ्यांनी रुंदावत गेलेला दगडी पाया दीड मीटरवरच संपला होता. सांध्यातला चुना नखाने खरवडला, तर भुगा होऊन तळहातावर आला. अशा पायाशेजारी त्याच्याहून खोल खणले की त्याखालच्या मातीचा बाजूचा आधार सुटतो, भिंत एका ठिकाणी जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी कमी खचते आणि भेगा पडतात. जुन्या पायाखाली टप्प्याटप्प्याने नवा पाया भरता येतो, हे खरे. पण इतक्या सैल चिणाईखाली ते काम करण्याची शिफारस मी करू शकत नव्हते.

तरीही तळघर मागणाऱ्यांना मी हटवादी म्हणणार नाही. आदल्याच आठवड्यात अभिरक्षकबाईंनी मला जिन्याखाली दाटीवाटीने ठेवलेल्या लाकडी मूर्ती दाखवल्या होत्या. हवेतला ओलावा सतत कमी-जास्त होत राहिल्याने लाकूड फुगते आणि आकसते. एका मूर्तीच्या गालावरचा रंग पापुद्रे धरून उभा राहिला होता. त्यांनी तिला हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही.

सुनावणीत मी दोन्ही गोष्टी मांडल्या. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचे तेरावे कलम वाढीव बांधकामाला सरसकट मनाई करत नाही. मूळ वास्तूचे मोलाचे भाग, तिच्या रचनेचा तोल आणि परिसराशी असलेले नाते यांना बाधा येऊ नये, एवढी त्याची अट आहे. भांडार हवेच, पण ते या भिंतीच्या कुशीत नको, आवाराबाहेर स्वतंत्र बांधा, असे मी म्हटले, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक माझ्यावर नाराज झाले. समितीने तळघराचा भाग फेरविचारासाठी परत पाठवला.

संध्याकाळी खड्डा बुजवण्याआधी मी भिंतीतल्या जुन्या भेगेवर, भेग रुंदावली तर तडकेल अशी आडवी काचपट्टी बसवली आणि बाजूला तारीख लिहिली. अभिरक्षकबाईंनी विजेरी धरली होती. पट्टी तडकली तर कधी कळेल, असे त्यांनी विचारले. दर आठवड्याला मी स्वतः पाहायला येईन, असे मी त्यांना सांगितले.