चेहरा उजळ, मान गव्हाळ

मुरूम दोन मिनिटांत जातो. नवरीचं पोर्ट्रेट फोटोशॉपमध्ये रिटच करताना खरा वेळ खातो तो रंग. फ्लॅशखाली चेहरा राखाडी-पांढरा, मान गव्हाळ, कान लालसर आणि मनगटावर आदल्या दिवशीच्या हळदीची झाक. फाउंडेशन कातडीपेक्षा एक-दोन शेड उजळ लावलेलं असतं, शिवाय मेकअपमधलं टायटॅनियम डायऑक्साइड किंवा पावडरमधली सिलिका फ्लॅशचा प्रकाश थेट लेन्सकडे परत पाठवते. आरशात हा पांढरेपणा दिसत नाही, फोटोत दिसतो. अशा फोटोवर आधी स्किन स्मूथ केली तर हाती येतो गुळगुळीत राखाडी चेहरा. म्हणून सुरुवात रंगापासून करायची.

रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर ती फोटोशॉपमध्ये १६ बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक पायऱ्यांत, उघडा. ८ बिटच्या जेपेगवर कर्व्ह (उजेड-रंग बदलणारी वक्र रेषा) जोरात ओढला की गालावर पट्टे उमटतात. व्हाइट बॅलन्ससाठी मुंडावळ्यांच्या मोत्यावर ड्रॉपर टेकवायचा मोह होतो, तो टाळा. ते मोती क्रीम रंगाचे असतात, त्यांना पांढरं मानलं की सगळा चेहरा निळसर पडतो. त्यापेक्षा कातडीचे आकडे वाचलेले बरे.

आयड्रॉपरचा सॅम्पल ५ बाय ५ ॲव्हरेजवर ठेवा, नाहीतर एकाच रोमछिद्राचा आकडा येईल. इन्फो पॅनेलमध्ये दुसरं वाचन सीएमवायके (सायन, मॅजेंटा, यलो, काळा हे छपाईचे रंग, टक्क्यांत) करा. फाइल आरजीबीतच (रेड, ग्रीन, ब्लू) राहते. आता कलर सॅम्पलरची एक खूण गळ्याच्या हाडावर आणि एक गालाच्या मध्यम उजेडातल्या भागावर. हनुवटीखालची मान सावलीत असते, तिथला आकडा फसवतो. आपल्याकडच्या बहुतेक कातडीत यलो मॅजेंटापेक्षा ५ ते १५ ने जास्त असतो आणि सायन मॅजेंटाच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत. गळ्यावर मॅजेंटा ४५, यलो ५५, सायन २० असेल आणि गालावर यलो मॅजेंटापेक्षा कमी असेल तर कर्व्ह लेयरमध्ये ब्लू चॅनेल मधोमध थोडा खाली ओढा, यलो वाढतो. मॅजेंटा जास्त असेल तर ग्रीन वर. मग आरजीबीचा एकत्र कर्व्ह किंचित खाली. आकडे तंतोतंत जुळवायची गरज नाही. नातं जुळलं की पुरे.

या लेयरचा मास्क (पांढरा तिथे बदल दिसतो, काळा तिथे लपतो) उलटा करून काळा करा आणि पांढऱ्या मऊ ब्रशने फक्त चेहरा रंगवा, जबड्याच्या रेषेपाशी धार विरघळवत. मुंडावळ्या, नथ आणि डोळे मास्कमधून वगळा. मोती तपकिरी झाले की रिटचिंग लांबून ओळखू येतं. कानांवर बहुधा मेकअप नसतो आणि ते हमखास विसरले जातात. त्यांच्यासाठी वेगळा ह्यू-सॅच्युरेशन लेयर, रेड्सचं सॅच्युरेशन १५ ते २० ने कमी.

‘जरा गोरी करा’ ही मागणी येतेच. तिच्यासाठी चेहरा तेवढा उचलायचा नाही. उचलायचाच तर मान, हात, दंड सगळं एकत्र आणि तेही थोडंच. नाहीतर वर सांगितलेला दोष आपणच परत घालतो.

आता डाग. रिकाम्या लेयरवर हीलिंग ब्रश, सॅम्पल ‘करंट अँड बिलो’, ब्रश डागापेक्षा जेमतेम मोठा. मुरूम, केस, सांडलेल्या कुंकवाचे कण काढा. तीळ आणि जुना व्रण ठेवा, ती त्या माणसाची ओळख आहे. नथीच्या कडेला मात्र हीलिंग ब्रश बंद. तो कडेचा रंग आत ओढून घेतो आणि ओठावर सोनेरी डाग पसरतो. तिथे क्लोन स्टॅम्पच. नथीची ओठावरची सावली हलकी करा, पुसू नका. पुसली की नथ चिकटवल्यासारखी दिसते.

कपाळावरच्या घामाच्या चकाकीला क्लोन स्टॅम्प डार्कन मोडमध्ये, ओपॅसिटी १५ ते २० टक्के, सॅम्पल शेजारच्या कातडीचा. तिन्ही चॅनेल २५५ ला टेकले असतील तर तिथे पोत उरलेलाच नसतो, तो दुसरीकडून आणावा लागतो.

फ्रिक्वेन्सी सेपरेशन, म्हणजे रंग आणि कातडीचा पोत दोन वेगळ्या थरांत काढणं, सगळे करतात आणि बहुतेक जण जास्त करतात. दोन प्रती काढा. खालच्या प्रतीला गॉशियन ब्लर, पोत नुकता दिसेनासा होईल इतकाच. २४ मेगापिक्सेलच्या क्लोजअपला ८ ते १२ पिक्सेल. वरच्या प्रतीवर अप्लाय इमेज: लेयर खालची प्रत, ८ बिटला सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८. १६ बिटला ॲड, इनव्हर्टवर टिक, स्केल २, ऑफसेट ०. मग वरच्या प्रतीचा ब्लेंड मोड लिनियर लाइट. फोटो मूळसारखाच दिसला पाहिजे, नसेल तर आकडा चुकला. खालच्या थरावर लॅसोने फेदर देऊन फक्त डागाळलेला भाग निवडून ब्लर द्या. अख्खा गाल एका झटक्यात ब्लर केला की मेकअपची धार नाकाला आणि ओठांना लागते. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २.१० आवृत्तीपासून वेव्हलेट डिकम्पोज आहे, त्यात हेच काम जास्त थरांत होतं.

डोळ्यांखालची काळी छाया मात्र डॉज-बर्नने, म्हणजे ब्रशने थोडं थोडं उजळ-गडद करून, जाते. दोन कर्व्ह, एक उजळ, एक गडद, दोन्हींचे मास्क काळे, ब्रशचा फ्लो १ ते ३ टक्के. कंटाळवाणं आहे, पण रोमछिद्रं जागेवर राहतात. पूर्ण घालवू नका, निम्मी कमी केली तरी झोप झाल्यासारखी दिसते. दातांसाठी यलोज सॅच्युरेशन उणे ४०. डोळ्यांचा पांढरा भाग शुद्ध पांढरा केलात तर बाहुली तयार होते.

लेयर बंद-चालू करून ५० टक्के झूमवर बघा; २०० टक्क्यांवर प्रत्येक रोमछिद्र दोष वाटतं. १२ बाय ३६ इंचांच्या अल्बमसाठी ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय १०८०० पिक्सेल लागतात. लॅबला फाइल एसआरजीबी या कलर प्रोफाइलमध्ये पाठवा आणि १८ व्या इंचावरच्या घडीत नवरीचं नाक येत नाही ना, ते तपासा.